बाळाच्या अंगावर जांभळे चट्टे उठले तर

बाळ दहा-अकरा महिन्यांचे असते. आठवड्यापूर्वी त्याला सर्दी-पडसे होऊन गेलेले असते, अंग थोडे कोमट झालेले असते आणि मग ते बरेही झालेले असते. एका सकाळी आई त्याला उचलते तो दोन्ही गालांवर आणि कानांच्या पाळ्यांवर लालसर चट्टे दिसतात. दुपारपर्यंत तेच चट्टे हातापायांवरही उठतात, रुपयाएवढे होतात आणि जांभळे पडतात. पावले फुगतात, हाताचे पंजे पुरीसारखे टम्म होतात. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा यावा असे ते रूप असते. बाळ मात्र खुळखुळा वाजवीत असते, अंगावर पीत असते, हाक मारली की हसत असते.

अशा वेळी घरात जे होते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. आजी म्हणते, "पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा." चुलती म्हणते, "रात्री काहीतरी डसलं असणार." शेजारीण दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन येते. एखाद्या घरात मात्र कोणी मोठ्याने काही बोलत नाही, फक्त सगळ्यांच्या नजरा आईकडे वळतात, नाहीतर बाळाला सांभाळणाऱ्या आठ वर्षांच्या बहिणीकडे वळतात. पोरीने पाडले की काय? कोणी मारले की काय?

माता-भगिनींनो, वर सांगितलेले बाळ बहुधा एका दुर्मिळ पण सौम्य आजाराचे असते. तो आजार आपला आपण बरा होतो. परंतु जांभळे चट्टे उठवणारे दुसरे काही आजार असे आहेत की त्यांत एक रात्र वाट पाहणेही महाग पडते. या दोहोंतला फरक घरी बसून कोणी ठरवू नये. घरच्यांचे काम एवढेच, की चट्टे ओळखावेत, बाळाकडे नीट पाहावे आणि त्याच दिवशी त्याला डॉक्टरांपुढे न्यावे.

या आजाराचे इंग्रजी नाव भले मोठे आहे. अक्यूट हेमोरॅजिक एडिमा ऑफ इन्फन्सी. सोप्या भाषेत सांगायचे तर तान्ह्या वयात अचानक येणारी, कातडीत रक्त उतरलेली सूज. १९१३ साली अमेरिकेतील बफेलो शहरातले डॉक्टर आयर्व्हिंग स्नो यांनी अंगावर पिणाऱ्या एका बाळाच्या हातापायांवरील अशा सुजेची आणि जांभळ्या डागांची नोंद प्रथम प्रसिद्ध केली. पुढे १९३८-३९ च्या सुमारास फिंकेलस्टाइन आणि सायडलमायर या जर्मन डॉक्टरांनी त्याचे आणखी वर्णन केले, म्हणून काही पुस्तकांत तो त्यांच्या नावानेही सापडतो. जगभरच्या वैद्यकीय मासिकांत मिळून काही शेकडा बाळांचीच वर्णने आहेत. त्यांत आपल्या देशातलीही आहेत. खरा आकडा यापेक्षा मोठा असावा, कारण पित्त म्हणून आमसूल लावले आणि पंधरा दिवसांत चट्टे गेले, तर त्याची नोंद कोण करणार?

हा आजार बहुतेक वेळा चार महिने ते दोन वर्षे या वयात येतो. मुलींपेक्षा मुलग्यांत जरा जास्त दिसतो. आधी सर्दी-खोकला, जुलाब किंवा लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग झालेला असतो. क्वचित एखाद्या औषधानंतर किंवा लस टोचल्यानंतरही तो दिसला आहे. याचा अर्थ लस वाईट असा नव्हे. ती गोष्ट पुढे येईलच.

अंगात नेमके काय घडते ते शेतकऱ्याला समजावणे सोपे आहे. पाटाचा भराव पक्का असला की पाणी पाटातूनच वाहते. भराव भुसभुशीत झाला की पाणी बाजूला पाझरते आणि कडेची जमीन ओली होते. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीर जी द्रव्ये तयार करते, ती जंतूंच्या अंशांना चिकटतात. त्यांचे गोळे कातडीतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अडकून बसतात. मग शरीराच्याच पांढऱ्या पेशी तेथे धावून जातात आणि त्या झटापटीत भिंत दुखावते. तिच्यातून पाणी पाझरते, त्याने सूज येते. रक्त पाझरते, त्याने जांभळा चट्टा उठतो. यालाच रक्तवाहिन्यांचा दाह म्हणतात. हा आजार आईच्या दुधाने होत नाही, बाहेरच्या वाऱ्याने होत नाही, आईने खाल्लेल्या वांग्यानेही होत नाही. तो एकापासून दुसऱ्याला लागतही नाही, तेव्हा बाळाला वेगळे ठेवण्याचे कारण नाही.

पेल्याची परीक्षा

पित्ताच्या गांधी आणि हे चट्टे यांतला फरक पाहण्याची एक साधी रीत आहे. स्वच्छ, पारदर्शक काचेचा पेला घ्यावा आणि त्याची बाजू चट्ट्यावर हलक्या हाताने दाबावी. काचेतून चट्टा फिका पडलेला दिसला, तर रक्त अजून वाहिनीच्या आतच आहे आणि दाबामुळे बाजूला सरकले आहे. पित्ताच्या गांधी अशा असतात. त्या खाजतात, आणि सकाळी मांडीवर असलेली गांध संध्याकाळी पाठीवर गेलेली असते. पेला दाबूनही चट्टा तसाच गडद राहिला, तर रक्त वाहिनीबाहेर कातडीत उतरले आहे. ते दाबून कोठे जाणार?

आपल्याकडे बाळाचा रंग सावळा असेल तर लाली चटकन उमगत नाही. चट्टा नुसता काळपट दिसतो. तेव्हा तळहात, तळपाय, खालच्या पापणीची आतली बाजू आणि तोंडाची आतली बाजू उजेडात पाहावी. एक गोष्ट मात्र गोंधळ करते. पुष्कळ बाळांच्या कुल्ल्यांवर व कमरेवर जन्मतःच निळसर डाग असतात. तो रोग नव्हे, ती जन्मखूण आहे. काही वर्षांत ती आपोआप फिकी होते.

सौम्य आजारातला चट्टा बहुधा गोल असतो. मधे गडद, भोवती लालसर कडे, जणू छातीवर लावायचा बिल्लाच. गाल, कान, हात आणि पाय ही त्याची आवडती ठिकाणे. पोट-पाठ बहुधा मोकळी राहते. सूज दोन्ही पायांना, दोन्ही हातांना, कधी पापण्यांना आणि मुलग्यांत अंडाच्या पिशवीलाही येते. ताप असला तर थोडा असतो. सर्वांत मोठी खूण म्हणजे अंग भयंकर दिसते आणि बाळ मात्र मजेत असते.

परंतु पेला फक्त रक्त बाहेर आले आहे एवढेच सांगतो. ते कशाने आले, हे तो सांगत नाही. आणि चट्टा फिका पडला म्हणून आजारी, मलूल बाळाला घरी ठेवणे तर मुळीच बरोबर नाही, कारण घातक आजाराचे पहिले डागही काही वेळा दाबल्यावर फिके पडतात.

कशाची भीती धरायची?

पहिली भीती मेनिंगोकॉकस नावाच्या जंतूंची. हे जंतू रक्तात शिरले की मेंदूज्वर आणतात, रक्तात विष पसरवतात. सकाळी टाचणीच्या टोकाएवढे असलेले डाग दुपारी पसरून काळे होतात. ताप फणफणतो, तरी हातपाय गार पडतात. बाळ दूध घेत नाही, कापसाच्या बाहुलीसारखे लुळे पडते किंवा वेगळ्याच तीव्र सुरात रडते. टाळू वर आलेली दिसते. येथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. अशा वेळी एस.टी.ची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा, किंवा गावात जे वाहन मिळेल ते घेऊन निघावे. असे बाळ आल्यावर डॉक्टर आधी प्रतिजैविकाचे इंजेक्शन देतील आणि तपासण्या मागाहून पाहतील. त्यांना अडवू नये.

दुसरा डेंग्यू. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत त्याचा जोर असतो. ताप उतरला म्हणून घरात सगळे निर्धास्त होतात, आणि नेमके त्याच दिवसांत अंगावर बारीक लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, पोटदुखी, सारख्या उलट्या सुरू होतात.

तिसरी भीती खास आपल्या शेतकरी घरांची. घोणस किंवा फुरसे चावले तर त्या विषाने रक्त गोठेनासे होते आणि अंगावर काळेनिळे डाग उठतात. पण सर्पदंशाची सूज एका जागेपासून सुरू होते, त्याच हाताला किंवा पायाला राहते आणि वर वर चढते. ठणकाही फार असतो. दोन्ही कान, दोन्ही गाल आणि चारही हातपाय साप एकदम चावत नाही. तरी शंका असेल तर ती डॉक्टरांना स्पष्ट सांगावी. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात आणि ते गोठते की नाही ते पाहतात. ही परीक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते. सर्पविषावरची लस ही काही साधे औषध नाही, तिची उलटी प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. म्हणून "कशाला तपासता, लस टोचून टाका" असा आग्रह धरू नये.

आणखी एक गोष्ट, जी सांगायचे घरचे विसरतात. धान्याच्या कोठीशी उंदरांसाठी ठेवलेले औषध. त्यातल्या काही जाती, जशी ब्रोमॅडिओलोनची वडी, रक्त गोठण्याची क्रियाच बंद पाडतात, आणि तो परिणाम खाल्ल्या दिवशी नव्हे, दोन-तीन दिवसांनी दिसतो. रांगणारे मूल जे हाती येईल ते तोंडात घालते. घरात असे औषध ठेवलेले असेल तर त्याचे वेष्टन डॉक्टरांना नेऊन दाखवावे.

याखेरीज रक्तातल्या बिंबाणू नावाच्या कणांची संख्या कमी होऊनही डाग पडतात. फार क्वचित रक्ताच्या कर्करोगाची सुरुवातही अशी असते. तेथे मूल फिकट दिसते, वजन धरत नाही, गाठी येतात. ही सगळी यादी घाबरवण्यासाठी दिलेली नाही. डॉक्टर रक्त का तपासतात, ते कळावे म्हणून दिली आहे.

दवाखान्यात

जाताना बाळाचे लसीकरणाचे कार्ड आणि गेल्या पंधरा दिवसांत दिलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या व पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात. मेडिकलमधून आणलेले ताकदीचे औषध, वैद्याची पुडी, काही लपवू नये. पहिला चट्टा कधी व कोठे दिसला ते आठवून ठेवावे. घरात मोबाइल आहेच, तर सकाळ-संध्याकाळ चट्ट्यांचे फोटो काढावेत. चट्टे कसे बदलत गेले हे डॉक्टरांना त्यावरून चांगले समजते.

डॉक्टर रक्तातल्या पेशी व बिंबाणू मोजतील, रक्त गोठण्याची तपासणी करतील, लघवी पाहतील. सौम्य आजारात बिंबाणू कमी झालेले नसतात आणि रक्त नीट गोठते. खात्री होईपर्यंत एक-दोन दिवस बाळाला दवाखान्यात ठेवायला सांगितले तर राहावे. कापणी तोंडावर आली असली तरी राहावे. बालरोगतज्ज्ञ जवळ नसेल तर आरोग्य केंद्रातून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते.

डॉक्टर विचारतील, "बाळ पडलं का? कोणी मारलं का?" या प्रश्नाचा राग मानू नये. माराच्या खुणाही काळ्यानिळ्या असतात आणि मुलाच्या भल्यासाठी असे विचारणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. हा आजार माहीत नसल्याने आईबापांवर नाहक संशय आल्याची उदाहरणे वैद्यकीय मासिकांत आहेत. मात्र दवाखान्यातल्या प्रश्नापेक्षा घरातली कुजबुज अधिक जिव्हारी लागते, असे मला वाटते. निदान झाल्यावर डॉक्टरांनी ते सासूसासऱ्यांसमोर, बाळाच्या बापासमोर स्पष्ट सांगावे, अशी विनंती आईने जरूर करावी. सांभाळणाऱ्या मोठ्या बहिणीलाही जवळ घेऊन सांगावे, की बाई, तुझ्या हातून काही झालेले नाही.

निदान झाल्यावर घरचे विचारतात, आता औषध काय? औषध असे नाहीच. रक्तवाहिन्यांची दुखावलेली भिंत शरीर स्वतःच दुरुस्त करते. एक ते तीन आठवड्यांत चट्टे हिरवट, पिवळट, तपकिरी होत जातात आणि बहुधा वण न राहता पुसले जातात. पहिल्या काही दिवसांत नवे चट्टे उठत राहतात, त्याने धीर सोडू नये. स्टेरॉइडने किंवा खाजेच्या औषधाने हा आजार लवकर आटोपतो असे सिद्ध झालेले नाही. जंतुसंसर्ग असेल तरच प्रतिजैविक लागते. पुष्कळ औषधे लिहून दिली म्हणजे डॉक्टर मोठा, ही समजूत येथे तरी बाजूला ठेवावी.

घरी करायचे ते थोडकेच आहे. सूज आली की सर्वांत आधी बाळाच्या पायातले वाळे, हातातल्या मनगट्या, अंगठी, काळा दोरा आणि करगोटा काढावा. सुजलेल्या अंगात ते रुततात आणि रक्त अडवतात. दृष्ट लागेल या भीतीने दोरा ठेवू नये. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. जेवणाऱ्या बाळाला मऊ भात, वरण, नेहमीचे सर्व द्यावे, पथ्य काहीही नाही. कोमट पाण्याने अंघोळ घालावी, पण चट्ट्यांवर रगडून तेल चोळू नये आणि शेक देऊ नये. बाळ निजले की पायाखाली दुपट्याची घडी ठेवावी. तापासाठी पॅरासिटामॉल द्यायचे तर बाळाच्या वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील तेवढेच द्यावे. अॅस्पिरिन लहान मुलाला देऊच नये. बिब्बा घालणे, चुना लावणे, चटके देणे हे प्रकार तर नकोतच. मेळघाटात तान्ह्या मुलांच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके दिल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांतही आल्या आहेत. आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारात चटका दिला तर आजार जातो आणि भाजल्याची जखम मात्र राहते. वर चटक्याने गुण आला म्हणून देणाऱ्याचे नाव होते!

घरी आल्यावर बाळ दूध तोडू लागले, सारखे ओकू लागले, पाय पोटाशी घेऊन कळवळून रडू लागले, शौचात रक्त दिसले, लघवी तांबडी किंवा फार कमी झाली, किंवा जोराचा ताप आला, तर परत दवाखाना गाठावा. या सौम्य आजारात पोट व मूत्रपिंड क्वचितच दुखावतात, पण क्वचित म्हणजे कधीच नाही असे नव्हे.

थोरल्या भावंडाचा आजार

याच आजाराचा एक थोरला भाऊ आहे आणि तो इतका दुर्मिळ नाही. बालवाडीत किंवा पहिली-दुसरीत जाणाऱ्या मुलांना तो होतो. पूर्वी त्याला हेनॉख-शोनलाइन पर्प्युरा म्हणत. शोनलाइन यांनी १८३७ साली त्यातले डाग आणि सांधेदुखी यांचा संबंध दाखवला. त्यांचेच शिष्य हेनॉख यांनी पुढे पोटदुखीची व मूत्रपिंडाची बाजू पुढे आणली. २०१२ पासून डॉक्टर त्याला आयजीए व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. येथे डाग चेहऱ्यावर नसून कुल्ल्यांवर आणि पायांवर येतात आणि बोटाला उंचवट्यासारखे लागतात. घोटे-गुडघे सुजतात, मूल लंगडते. ही सांधेदुखी जाते, सांधे वाकडे होत नाहीत. पोटात मुरडा येतो. कधी आतडे आतड्यात शिरून अडकते, मग मूल अधूनमधून कळवळते, हिरवे ओकते, शौचाला रक्त-शेंब पडते. तो प्रसंग तातडीचा.

या थोरल्या आजाराची खरी मेख मूत्रपिंडात आहे. डाग गेले, पोट थांबले, पोर शाळेत जाऊ लागले, आणि दुखणे संपले असे वाटते. पण सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या मुलांच्या लघवीत रक्त किंवा प्रथिने उतरतात. डोळ्यांना काहीही दिसत नाही, दुखत नाही, म्हणून कोणी तपासायला नेत नाही. बहुतेकांचे ते आपोआप थांबते. थोड्या मुलांचे मात्र मूत्रपिंड कायमचे दुखावते, आणि ते वेळीच कळले तर औषधाने वाचवता येते. म्हणून आजार झाल्यापासून निदान सहा महिने डॉक्टर सांगतील त्या त्या दिवशी लघवी आणि रक्तदाब तपासून घ्यावा. उपकेंद्रात गरोदर बायांची लघवी ज्या पट्टीने पाहतात, तशाच पट्टीने हे काम दोन मिनिटांत होते. आशाताईंना तारखा लिहून दिल्या तर त्या आठवण करतात. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा कागद सोबत घ्यावा आणि कारखान्याच्या जवळच्या आरोग्य केंद्रात तो दाखवून तपासणी चालू ठेवावी.

आता लसीची गोष्ट. तान्ह्या बाळाला चट्टे उठले त्या आधीच्या आठवड्यात लस टोचली असेल तर घरात ठरून जाते, की यापुढे टोचायचे नाही. असे परस्पर ठरवू नये. बहुतेक बाळांत त्याच सुमारास सर्दीही झालेली असते आणि दोष कशाचा हे सांगणे कठीण असते. गोवर हा या चट्ट्यांपेक्षा कितीतरी घातक आहे. चट्टे पूर्ण जाऊ द्यावेत, झालेल्या आजाराचे नाव आणि तारीख डॉक्टरांकडून लसीकरणाच्या कार्डावर लिहून घ्यावी आणि पुढची लस केव्हा द्यायची ते त्यांनाच विचारावे. तो आजार पुन्हा उलटणे विरळा आहे, पण उलटलाच तर कार्डावरची ती ओळ पाहून नव्या डॉक्टरलाही एका दृष्टिक्षेपात उमज पडेल.